बर्लिनमध्ये कुठे खावे? एका शहराच्या ताटाचा इतिहास

बर्लिनमध्ये काय खावे आणि कुठे बसून प्यावे, याची कोणतीही यादी उघडा. पहिल्या चार-पाच नावांत करीवुर्स्ट आणि डोनर कबाब हमखास असतात. त्यापाठोपाठ क्रॉइत्सबेर्ग भागातील जुनी मंडई, लिश्टेनबेर्गमधील व्हिएतनामी बाजार आणि पहाटेपर्यंत उघडी राहणारी मद्यगृहे येतात. मंडईची इमारत सोडली, तर या यादीतील जवळजवळ काहीही १९४९ च्या आधीचे नाही. व्हिएन्नाच्या यादीत १८७६ सालचे 'काफे सेंट्रल' आजही मानाने मिरवते. बर्लिनचा लिखित उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतो, तरी त्याची ओळख ठरलेले पदार्थ मात्र आपल्या आजोबांहून वयाने लहान आहेत.

मग या शहराच्या जुन्या खाणावळी गेल्या कुठे? आणि हे नवे पदार्थ आणले कुणी? आजचा धागा या दोन प्रश्नांविषयी आहे. धागा लांब आहे, चहा घेऊन बसावे.

सुरुवात थोडी मागून करू. बर्लिन हे मुळात वाळूत आणि दलदलीत वसलेले, फारशी सुपीक जमीन नसलेले गाव. तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८–१६४८) ते निम्मेअधिक ओस पडले. ब्रांडेनबुर्गच्या शासकाला माणसे हवी होती, म्हणून त्याने इतरांनी हाकललेली माणसे बोलावली. १६७१ मध्ये व्हिएन्नातून हद्दपार झालेल्या पन्नास ज्यू कुटुंबांना परवानगी मिळाली. १६८५ मध्ये फ्रान्सने आपल्या प्रोटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा पोट्सडामच्या फर्मानाने त्या ह्यूगेनॉ लोकांना आश्रय दिला. १७०० च्या सुमारास बर्लिनमधील दर पाच माणसांत साधारण एक फ्रेंच होता. भाजीपाल्याच्या बागा, पांढरा पाव, नवनव्या भाज्या यांचे श्रेय त्यांच्याकडे जाते. बर्लिनकर आजही खिम्याच्या तळलेल्या गोळ्याला 'बुलेट' म्हणतो, तो शब्द फ्रेंचच. पुढे १७५६ मध्ये फ्रेडरिक दुसऱ्याने बटाटा लावण्याची सक्ती करणारा हुकूम काढला. त्याच्या समाधीवर लोक आजही फुलांऐवजी बटाटे ठेवतात. बटाट्याच्या शेताभोवती मुद्दाम पहारा बसवून शेतकऱ्यांना चोरीचा मोह पाडल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोष्ट छान आहे, पण तिला इतिहास समजू नये.

एवढे लक्षात ठेवून थेट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे येऊ, कारण खरी कथा तिथे सुरू होते.

१८७१ मध्ये बर्लिन नव्या जर्मन साम्राज्याची राजधानी झाले आणि शहर अक्षरशः फुगले. कारखान्यांत, कचेऱ्यांत, दुकानांत काम करणारी लाखो माणसे आली. घरे अंधारी आणि कोंदट, दुपारच्या जेवणाची सुटी छोटी, खिशात पैसे मोजके. या माणसांना जेवू घालणार कोण? आपल्याकडे गिरणगावात हाच प्रश्न घरगुती खानावळींनी सोडवला. बर्लिनमध्ये त्याचे उत्तर दोन घराण्यांनी दिले, आणि पुढे याच दोन घराण्यांचे नशीब एकमेकांत भयानक रीतीने गुंतले.

पहिले घराणे आशिंगर बंधूंचे. आउगुस्ट आणि कार्ल आशिंगर यांनी १८९२ मध्ये पहिले 'बिअरक्वेले', म्हणजे 'बिअरचा झरा', उघडले. उभ्याने खायचे, झटपट निघायचे. वाटाण्याचे दाट सूप, सॉसेज, बिअर. कोणताही पदार्थ घ्या, पाव हवे तितके फुकट! या फुकटच्या पावाने आशिंगर शहराच्या दंतकथेत गेले. एका वाटी सुपाच्या पैशांत पोट भरता येत असे, त्यामुळे कफल्लक विद्यार्थी, बेकार कारकून आणि होतकरू कवी यांचा तो आधारच बनला. स्विस लेखक रॉबर्ट वाल्झर याने तिथल्या गजबजाटावर एक छोटा लेख लिहिला, आणि आल्फ्रेड डब्लिनच्या १९२९ सालच्या 'बर्लिन आलेक्झांडरप्लाट्झ' या कादंबरीतही आशिंगर येते. सारख्या सजावटीच्या शाखा, सारखी चव, एका मध्यवर्ती कारखान्यातून सगळीकडे जाणारा माल. आज ज्याला आपण 'फास्ट फूड साखळी' म्हणतो, तिचे जवळजवळ सगळे तंत्र तिथे तयार होते. पैसा आला तशी आशिंगरांनी मोठाली हॉटेलेही उभारली.

दुसरे घराणे केम्पिन्स्कींचे. बेर्टहोल्ड केम्पिन्स्की हा पोझेन प्रांतातील ज्यू वाइन-व्यापारी १८७२ मध्ये बर्लिनला आला. त्याने आणि त्याचा जावई रिखार्ड उंगर याने लाइपत्सिगर रस्त्यावर एक भव्य उपाहारगृह उभे केले. त्यांची युक्ती साधी पण मोठी होती: अर्धी प्लेट, अर्ध्या किमतीत. कालवे, कॅव्हिआर, उंची वाइन या श्रीमंतांच्या गोष्टी शाळामास्तराच्या कुटुंबालाही वर्षातून एकदा परवडू लागल्या. हॉटेलात 'हाफ प्लेट' मागताना आपण सहसा ओशाळतो. केम्पिन्स्कीकडे मात्र अर्धी प्लेट हेच धंद्याचे ब्रीद होते.

आता पोट्सडामर प्लाट्झवरील एका इमारतीकडे पाहू. माझ्या मते विसाव्या शतकातील बर्लिनचा सगळा इतिहास या एकाच इमारतीच्या आधारे शिकवता येईल.

फ्रान्त्स श्वेख्टेन या वास्तुशिल्पकाराने १९१२ मध्ये ती पूर्ण केली. तिच्यातील कॅफेचे नाव होते 'पिकॅडिली', कारण तेव्हा लंडनची फॅशन होती. १९१४ मध्ये इंग्लंडशी युद्ध पेटले आणि इंग्रजी नाव रातोरात देशद्रोही ठरले. 'पिकॅडिली'चे 'फाटरलांड' झाले, म्हणजे 'पितृभूमी'. १९२८ मध्ये केम्पिन्स्कींनी ही सारी वास्तू घेऊन तिचा कायापालट केला. 'हाउस फाटरलांड' या एका छताखाली अनेक 'देश' उभे राहिले. बव्हेरियाची बिअरशाळा, व्हिएन्नाजवळच्या ग्रिन्झिंगचे वाइनगृह, हंगेरीची खानावळ, स्पेनचे मद्यतळघर, जपानी चहागृह, अमेरिकेचा 'वाइल्ड वेस्ट' बार आणि तुर्की कॉफीगृह! ऱ्हाइन नदीच्या दालनात तर खिडकीबाहेर नदीचा देखावा मांडला होता. दर तासाला दिवे मंद होत, वीज चमके, ढग गडगडत आणि कृत्रिम पाऊस पडे. पाहुणे वाइनचा घोट घेत तो पाऊस पाहत.

समाजचिंतक झीगफ्रीड क्राकाउअर याने १९३० मध्ये बर्लिनच्या पगारदार कारकुनांवर एक पुस्तक लिहिले. त्यात हे हाउस फाटरलांड येते. दिवसभर टंकलेखन आणि हिशेब करणाऱ्या, उद्या नोकरी राहील की नाही याची खात्री नसलेल्या माणसांना संध्याकाळी जग विकणारी ही जागा, असे त्याचे निरीक्षण होते. मॉलच्या 'फूड कोर्ट'मध्ये बसून आपण हे वाचावे, म्हणजे त्याचा नेम किती अचूक होता ते कळते.

एक छोटे विषयांतर, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. ज्या १९२८ मध्ये हाउस फाटरलांड सुरू झाले, त्याच वर्षी इरावती कर्वे बर्लिनमध्ये डॉक्टरेटसाठी दाखल झाल्या. डालेम भागातील मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. मानवी कवट्यांच्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे का, हा विषय त्यांना मिळाला. मोजमापे घेऊन इरावतीबाईंनी असा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. मार्गदर्शकाला जे हवे होते त्याच्या हे उलट होते. फिशर पुढे नाझी वंशशास्त्राचे एक प्रमुख नाव बनले. म्हणजे एकाच शहरात, एकाच काळी, एका टोकाला जगातील सगळे 'वंश' जेवणाच्या दालनांत सजवून मांडले जात होते, आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्या कवट्या मोजल्या जात होत्या.

शहराच्या पश्चिम भागात तेव्हा कॅफेंचे वेगळेच जग होते. स्मृती-चर्चसमोरच्या 'रोमानिशेस काफे'त ब्रेख्त, जोसेफ रोट, एरिख केस्टनर, एल्झं लास्कर-श्युलर यांची ऊठबस असे. नामवंत ज्या दालनात बसत त्याला लोक 'पोहणाऱ्यांचा हौद' म्हणत आणि धडपडणाऱ्यांच्या दालनाला 'न पोहणाऱ्यांचा हौद'. एका कॉफीवर दिवस काढणारे अर्थातच दुसऱ्या हौदात. पण याच कुरफ्युर्स्टेनडाम परिसरात सप्टेंबर १९३१ मध्ये, ज्यू नववर्षाच्या दिवशी, नाझी पथकांनी ज्यू दिसणाऱ्या पादचाऱ्यांना बदडले आणि 'काफे राइमान' फोडले. हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता. कोणत्या टेबलावर कुणी बसावे, हा प्रश्न सत्तेआधीच रस्त्यावर आला होता.

१९३३ नंतरची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण ती कागदोपत्री फार 'सभ्य' रीतीने घडली. ज्यूंच्या व्यवसायांवर बहिष्कार, बँकांकडून कोंडी, मग 'विक्री'चा प्रस्ताव. १९३७ मध्ये केम्पिन्स्कींचा व्यवसाय, हाउस फाटरलांडसह, 'आर्य' मालकांकडे गेला. ते मालक म्हणजे आशिंगर. फुकटच्या पावाने गरिबांची पोटे भरणाऱ्या कंपनीने अर्ध्या प्लेटवाल्यांचे घर गिळले. याला 'आर्यीकरण' असे नाव होते. मला वाटते, हा शब्द इतिहासाच्या पुस्तकांत आपण फार सहज वाचून पुढे जातो. तो नेमका कसा घडला हे पाहायचे, तर एखाद्या कारखान्यापेक्षा एखादे उपाहारगृह पाहावे. पडदे तेच, वाढपी तेच, पदार्थांचे कार्ड तेच, कृत्रिम पाऊसही तोच. फक्त मालक नाहीसा झालेला, आणि गिऱ्हाईक जेवत राहिलेले.

केम्पिन्स्की हे नाव पुढे जगभरच्या पंचतारांकित हॉटेलांवर झळकले. मुंबईकरांना अंधेरीचे 'लीला केम्पिन्स्की' आठवत असेल. त्या पाटीखालून आत जाताना बर्लिनच्या एका बेघर केलेल्या ज्यू कुटुंबाचे नाव आपण वाचतो आहोत, हे किती जणांना ठाऊक असेल?

नोव्हेंबर १९४३ च्या बॉम्बवर्षावात रोमानिशेस काफे नष्ट झाले. त्या जागी आज 'ऑयरोपा सेंटर' उभे आहे. हाउस फाटरलांडही जळाले. युद्धानंतर ते नेमके सोव्हिएत विभागाच्या कडेला आले. त्याच्या भग्नावशेषांत सरकारी उपाहारगृह सुरू झाले खरे, पण १७ जून १९५३ च्या कामगार उठावात ते पुन्हा पेटले. मग भिंत आली, आणि दोन जर्मनींमधल्या ओसाड पट्ट्यात ही पितृभूमी एकटी उभी राहिली. १९७२ च्या जमीन-अदलाबदलीत ती जागा पश्चिम बर्लिनला मिळाली आणि १९७६ मध्ये उरलेला सांगाडा पाडण्यात आला. जुन्या खाणावळी गेल्या कुठे, या प्रश्नाचे उत्तर असे आहे. त्यांना काळाने मोडीत काढले नाही. काही लुटल्या गेल्या, काही जळाल्या, आणि ज्या माणसांनी त्या चालवल्या, ज्यांनी त्या भरल्या, ती माणसे परागंदा झाली किंवा मारली गेली.

आता दुसरा प्रश्न. नवे पदार्थ आले कुठून?

२४ जून १९४८ रोजी सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. सुमारे वीस लाख माणसांना जवळजवळ वर्षभर विमानांनी जगवले. पीठ, दूधभुकटी, वाळवलेले बटाटे आणि सर्वांत जास्त कोळसा. १२ मे १९४९ रोजी नाकेबंदी उठली. त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा, ४ सप्टेंबरला, शार्लोटेनबुर्ग भागात हेर्टा हॉयवर नावाच्या बाईंनी आपल्या टपरीवर एक प्रयोग केला. पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हते, म्हणून त्यांनी टोमॅटो, मसाले आणि करी पावडर एकत्र करून ती चटणी तळलेल्या, कापलेल्या सॉसेजवर ओतली, अशी त्यांची स्वतःची हकिगत. १९५९ मध्ये त्यांनी त्या चटणीचे 'चिलअप' हे नाव नोंदवून घेतले आणि १९९९ मध्ये कृती कुणालाही न सांगता जगाचा निरोप घेतला. हाम्बुर्गवाले हा शोध आपलाच मानतात. त्या वादात पडण्यात अर्थ नाही.

लक्ष द्यायचे ते करी पावडरीकडे. शार्लोटेनबुर्ग हा ब्रिटिश विभागात होता, आणि ही पावडर ब्रिटिशांमार्फतच बर्लिनच्या बाजारात आली असे सांगतात. आपल्या स्वयंपाकघरात अशी पावडर कधीच नव्हती. कुणाकडे गोडा मसाला, कुणाकडे काळा, कोकणात आणि घाटावर प्रत्येकाचा वेगळा, सासूचा वेगळा आणि सुनेचा वेगळा. या सगळ्या वैविध्याला एका डबीत कोंबून 'करी' असे नाव देणे, हे इंग्रजी साम्राज्याचे काम. ती डबी लंडनहून पराभूत बर्लिनमध्ये पोहोचली आणि एका भुकेल्या शहराचे लाडके खाणे बनली. बर्लिनच्या 'राष्ट्रीय' पदार्थात आपला वाटा आहे म्हणून हुरळून जाऊ नये. वाटा हिंदुस्थानचा कमी आणि हिंदुस्थानाविषयीच्या इंग्रजी कल्पनेचा जास्त आहे.

पूर्व बर्लिनमध्ये हाच पदार्थ १९६० मध्ये 'कोनोप्के' या १९३० पासूनच्या टपरीने आणला. एबर्सवाल्डर रस्त्याजवळ, उन्नत रेल्वेमार्गाखाली ती आजही आहे. जाणाऱ्यांसाठी सूचना: सॉसेज 'साल असलेले की नसलेले' असे विचारतील. उत्तर तयार ठेवावे, मागची रांग बोलणी खाऊ घालते.

पहाटेपर्यंतच्या मद्यगृहांचा उलगडाही याच वर्षी सापडतो. फाळणी झालेल्या शहराचे दोन्ही भाग गिऱ्हाईक ओढण्यासाठी बंद होण्याची वेळ पुढे ढकलत होते. तेव्हा पश्चिम बर्लिनच्या हॉटेलचालकांचे प्रतिनिधी हाइन्झ त्सेलरमायर व्हिस्कीची बाटली घेऊन अमेरिकी सेनाधिकारी हॉवली यांना भेटले, आणि वेळेची मर्यादाच काढून टाका असे त्यांनी पटवले. बाटलीत किती उरली ते इतिहास सांगत नाही, पण १९४९ पासून पश्चिम बर्लिनला बंद होण्याची सक्तीची वेळ राहिली नाही. आज ज्या 'मुक्त' रात्रींसाठी जगभरचे तरुण बर्लिनला जातात, त्यांच्या मुळाशी शीतयुद्धातील ही ओढाताण आहे.

यानंतर डोनर. इथे थोडे थांबावे लागेल.

१३ ऑगस्ट १९६१ रोजी भिंत उभी राहू लागली. पूर्वेतून रोज पश्चिमेच्या कारखान्यांत येणारे हजारो कामगार एका रात्रीत तुटले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. आलेल्या कामगारांना 'गास्टआर्बायटर', म्हणजे 'पाहुणे कामगार', म्हटले गेले. शब्दातच अट होती: पाहुण्याने काम करावे आणि परत जावे. त्यांना घरे मिळाली ती क्रॉइत्सबेर्गमध्ये, भिंतीला टेकलेल्या, पाडण्यासाठी राखून ठेवलेल्या पडक्या चाळींत, कारण तिथे राहायला दुसरे कुणी तयार नव्हते. १९७३ च्या तेलसंकटात भरती थांबली. १९७५ पासून तर क्रॉइत्सबेर्ग, वेडिंग आणि टियरगार्टन या भागांत नव्या परदेशी माणसांनी राहायला येऊ नये अशी बंदी घालण्यात आली. पारपत्रावर तसा शिक्काच बसे.

नोकऱ्या जाऊ लागल्या तेव्हा अनेकांनी छोटे धंदे काढले. त्यात डोनर होता. उभ्या सळईवर फिरत भाजले जाणारे मांस ही ऑटोमन काळातील गोष्ट. जेम्स रॉबर्टसनने १८५५ मध्ये काढलेल्या एका छायाचित्रात तशी सळई दिसते. पण तुर्कस्तानात ते ताटलीत, बैठकीने खायचे. बर्लिनकर चालता चालता खातो, म्हणून ते पावात गेले. १९७२ मध्ये झू स्थानकासमोर कादिर नुरमान यांनी असा डोनर विकला, असे मानले जाते. इतर दावेदारही आहेत, आणि बहुधा तो एकाच वेळी अनेकांना सुचला असावा. कोबी, काकडी आणि लसणाचा सॉस हळूहळू जोडले गेले. नुरमान यांनी पेटंट घेतले नाही आणि श्रीमंतही झाले नाहीत. २०११ मध्ये युरोपातील तुर्की डोनर उत्पादकांच्या संघटनेने त्यांचा गौरव केला. दोन वर्षांनी ते वारले.

त्याच २०११ च्या नोव्हेंबरात जर्मनीला आणखी एक गोष्ट कळली. २००० ते २००६ या काळात देशात निरनिराळ्या शहरांत नऊ स्थलांतरित दुकानदारांचे आणि कामगारांचे खून झाले होते. आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक. पोलीस वर्षानुवर्षे त्यांच्याच कुटुंबांत, त्यांच्याच 'माफियां'त गुन्हेगार शोधत होते. खुनी निघाले नवनाझी. आणि तोवर वृत्तपत्रांनी या प्रकरणाला नाव दिले होते: 'डोनर-खून'. नऊपैकी दोघेच डोनरच्या टपरीवर मारले गेले होते. कुणी फुले विकत होता, कुणी कपडे शिवत होता, कुणी भाजी विकत होता. तरीही सगळ्यांची ओळख एका पदार्थात मावली. भाषातज्ज्ञांच्या मंडळाने त्या वर्षीचा सर्वांत निंद्य शब्द म्हणून 'डोनर-खून' हाच शब्द निवडला.

हाउस फाटरलांडमधील तुर्की कॉफीगृह आठवा. नकली तुर्कस्तान बर्लिनला फार आवडला होता. खरा तुर्क शेजारी राहायला आला तेव्हा त्याच्या पारपत्रावर शिक्का मारला गेला, आणि त्याचा पदार्थ मात्र शहराने आपला म्हणून मिरवला.

पूर्वेकडची कथा कमी सांगितली जाते. समाजवादी पूर्व जर्मनीने १९८० मध्ये व्हिएतनामशी करार केला. १९८९ पर्यंत तिथे सुमारे साठ हजार व्हिएतनामी कंत्राटी कामगार होते. पगारातील १२ टक्के रक्कम व्हिएतनाम सरकारकडे जाई. एखादी कामगार स्त्री गरोदर राहिली तर गर्भपात किंवा मायदेशी रवानगी, असे दोनच पर्याय होते. 'भ्रातृराष्ट्रां'च्या मैत्रीची ही दुसरी बाजू. भिंत पडली, कारखाने बंद झाले आणि या माणसांना तीन हजार मार्क व परतीचे तिकीट देऊ करण्यात आले. जे राहिले त्यांनी १९९२ मध्ये रोस्टोक शहरात आपल्या वसतिगृहाला जमावाने आग लावलेली पाहिली. पुढच्या वर्षी राहण्याचा हक्क मिळण्याची वाट खुली झाली, पण अट अशी की उत्पन्न दाखवा. नोकरी नाही तर उत्पन्न कुठून? म्हणून फुलांची दुकाने, भाजीची दुकाने आणि रस्त्याकडेच्या टपऱ्या. त्या टपऱ्यांवर नूडल्स विकल्या जात त्या 'चिनी' म्हणून, कारण जर्मन गिऱ्हाइकाला चिनी जेवण ओळखीचे होते. स्वतःच्या नावाने 'फो' विकण्याची ऐपत यायला पुढची पिढी उजाडावी लागली.

लिश्टेनबेर्गमधील 'डोंग शुआन सेंटर' २००५ मध्ये सुरू झाले. नाव हनोईच्या प्रसिद्ध बाजाराचे, जागा मात्र 'एलेक्ट्रोकोले' या पूर्व जर्मन सरकारी कारखान्याची. लांबच लांब गोदामांत घाऊक कपडे, प्लास्टिकची फुले, केशकर्तनालये आणि मधूनमधून वाफाळणारी खानावळ. प्रवासी तिथे 'अस्सल' व्हिएतनाम पाहायला जातात. खरे तर तिथे पाहायचे ते अस्सल पूर्व बर्लिन.

आणि मंडई? क्रॉइत्सबेर्गची 'मार्कथाले नॉयन', म्हणजे नवव्या क्रमांकाची मंडई, १८९१ ची. वाढत्या शहराला स्वच्छ आणि स्वस्त अन्न मिळावे म्हणून नगरपालिकेने तेव्हा अशा चौदा मंडया बांधल्या होत्या. महात्मा फुले मंडई, क्रॉफर्ड मार्केट ही आपली उदाहरणे याच शतकातील. स्थानिक रहिवाशांच्या प्रयत्नांनी ही इमारत मोठ्या व्यापारी संकुलापासून वाचली आणि २०११ मध्ये नव्याने सुरू झाली. हाताने केलेले चीज, आंबवलेला पाव, गुरुवारी संध्याकाळी जगभरचे खाणे. मंडई गाजली. मग २०१९ मध्ये चालकांनी आतले 'आल्डी' हे स्वस्त किराणा दुकान हटवण्याचे ठरवले, आणि त्याच परिसरातील रहिवासी रस्त्यावर आले. आम्हाला महाग चीज नको, परवडणारे दूध आणि बटाटे हवेत, असे त्यांचे म्हणणे. आंदोलकांत तुर्की आजीबाई होत्या तशा जर्मन पेन्शनरही होत्या. ज्या पडक्या चाळींत दुसरे कुणी राहायला तयार नव्हते, तिथली भाडी आता त्यांनाच परवडेनाशी झाली होती.

मे २०२४ मध्ये जर्मनीच्या डाव्या पक्षाने डोनरची किंमत सरकारने ४.९० युरोवर रोखावी, विद्यार्थ्यांसाठी २.९० युरोवर, अशी मागणी केली. तरुण मतदार चान्सलर ओलाफ शोल्त्स यांना भेटतील तिथे युद्ध, पेन्शन आणि हवामानाबरोबर डोनरच्या भावाविषयीही विचारत होते. त्याच वर्षी तुर्कस्तानाने डोनर नेमका कसा करावा याची व्याख्या युरोपीय संघाकडे मांडली होती, तिला जर्मन सरकारने हरकत घेतली. क्रॉइत्सबेर्गच्या पाहुण्यांचा तो पाव वाचवायला आता बर्लिनची मंत्रालये तुर्कस्तानाशी पत्रव्यवहार करत होती.